लोहपंखाचे कापलेले शेवट

प्रिय पेन्सिल,

या नावानं तुला हाक मारणारी आता मी एकटीच उरले असेन, म्हणून हक्कानं वापरतेय. बातमी अशी, की आपला कॉमिकमधला लोहपंख परत आलाय! सगळे जुने अंक एकत्र करून तीन जाडजूड खंड काढलेत. गुळगुळीत कागद, पक्की बांधणी, रंग तर इतके झगझगीत की डोळे दिपतात. यांनी माझ्या वाढदिवसाला आणून दिले आणि वर म्हणाले, "घे, तुझ्या माहेरचा माणूस आणलाय." रविवारी सकाळी वाचायला बसले ती जेवायलाच उठले. माझं कवळ्या बनवायचं काम चार दिवस मागे पडलंय. एक आजोबा रोज फोन करून बोळक्या तोंडानं मला रागवतात आणि मी खुशाल ऐकून घेते.

जिन्याखालचं ते वाचनालय आठवतं ना? अंक हातात द्यायच्या आधी वाचनालयाच्या मावशी आपले तळवे उलटेसुलटे करून बघायच्या. पानांना डाग पडू नये म्हणून एवढी काळजी, पण शेवटच्या पानाचं काय? त्याच्या मागच्या बाजूला बक्षिसाचं कूपन असायचं, आणि आपल्या आधी अंक नेणारा कुणीतरी ते कात्रीनं कापून घ्यायचाच. त्यामुळे प्रत्येक गोष्टीच्या शेवटी हे एवढं भोक. पुढे काय झालं ते मग तू सांगायचीस. तुझ्या मामाकडे म्हणे सगळे अंक धडधाकट यायचे. शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे बसून तू असे काही शेवट सांगायचीस, की माझा डबा तसाच राहायचा. तो तू संपवायचीस, हेही मी विसरलेले नाही.

तर पहिल्या खंडातले चार शेवट वाचले आणि मी चक्रावलेच. बुडत्या जहाजातून सगळ्यांना बाहेर काढून लोहपंख कप्तानाच्या पोपटासाठी परत गेला, असं तू सांगितलं होतंस. इथे पोपटच नाही! मुळात जहाजच बुडत नाही, ते सगळं स्वप्न निघतं. पुढचा शेवट वाचला, त्याच्या पुढचा वाचला, एकही जुळेना. आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. अगं, तुझ्या आईला भाऊच नव्हता! नुसत्या चार बहिणी. तुझ्या सगळ्या मावश्यांच्या हातचं मी खाल्लंय, तरी चाळीस वर्षांत एकदाही मनात आलं नाही, की हा मामा आला कुठून? मी एकटीच इतकी हसले, की हे बघायला आले. तुझे शेवट छापील शेवटांपेक्षा कितीतरी चांगले होते, हे मात्र शपथेवर सांगते.

मग तिसऱ्या खंडात तो अंक आला. लोहपंख दिवसा मुखवटा लपवून घड्याळं दुरुस्त करतो, आणि आपला मुलगा भित्रा आहे म्हणून त्याची आई आतल्या आत कुढत असते. एक दिवस तिला पलंगाखाली जळका पंख सापडतो. ती विचारते, "हा कुणाचा?" आणि तिथेच ते भोक होतं. तू सांगितलंस, की तो आईशेजारी जमिनीवर बसला, मुखवटा तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "आई, मीच तो." मी विचारलं, "मग?" तू म्हणालीस, "मग काय, आई म्हणाली, आधी जेवून घे."

त्या आठवड्यात मी दोन विषयांत नापास झाले होते आणि प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मीच ठोकली होती. तुलासुद्धा सांगितलं नव्हतं. घास उतरत नव्हता, बाबा नुसते खाकरले तरी मी दुसऱ्या खोलीत पळायचे. तुझा शेवट ऐकला आणि त्याच संध्याकाळी मी प्रगतिपुस्तक बाबांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ती सही निरखली. मग म्हणाले, "सही बरी जमलीय. गणिताचं काय करायचं?" दुसऱ्या दिवसापासून वर्ष संपेपर्यंत ते रोज माझ्याबरोबर गणितं सोडवायला बसले. बाबा मला खरे भेटले ते त्या वर्षी.

आणि पुस्तकात लोहपंख काय करतो, माहितेय? "गिऱ्हाइकाचा आहे," म्हणतो आणि खिडकीतून उडून जातो. आई पंख हातात घेऊन तशीच बसलेली. मी ते पान पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं. म्हणजे तुला सगळं कळलं होतं! तू टोकलं नाहीस, उपदेश केला नाहीस, मला लाजही वाटू दिली नाहीस. माझ्यापुरता एक शेवट रचलास आणि गप्प राहिलीस, आजपर्यंत.

आता हे सगळं का लिहितेय ते सांगते. परवा फोनवर तू म्हणालीस, गाठ साधी निघाली, पण बारा तारखेला काढायची आहे. तो पहिला भाग ऐकून मला केवढं हायसं वाटलं! आणि लगेच म्हणालीस, की घरी कुणाला सांगितलेलं नाही, लेकीची नोकरी नवी, भावोजींना टेन्शन सोसत नाही, दोन दिवस ऑफिसच्या ट्रेनिंगला जाते म्हणून सांगेन. मी काही बोलायच्या आत फोन ठेवलास, म्हणून पत्र. तुझ्यासारखं रचून सांगायला मला जमत नाही, तेव्हा सरळच सांगते. हे हातात पडेल त्या दिवशी दोघांना समोर बसव आणि सांगून टाक. लेक रडेल, भावोजी चिडतील, आणि अर्ध्या तासात दोघं तुझी बॅग कुणी भरायची यावरून भांडतील. मी दहा तारखेला सकाळच्या गाडीनं येतेय, चांगली आठवडाभर राहणार आहे. स्टेशनवर तू येऊ नकोस, त्या दोघांपैकी कुणाला तरी पाठव. तू सांगितलंस की नाही, ते मी त्यांच्या चेहऱ्यावरूनच ओळखेन.

तुझीच,
ढब्बी