पाणी चढवणारा मामा

मंगळवार, सकाळ

आई गं,

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहोत. आपली मुंगी वर्गात बोलली! शाळेत गेल्यापासून पोरगी तोंड उघडत नव्हती, ठाऊक आहे ना तुला? आणि बोलली ती असं काही बोलली की माझी झोपच उडाली.

तुझा गुडघा कसा आहे? गोळ्या बुडवू नकोस.

तर झालं असं. त्यांच्या बाईंनी वर्गात टॅब आणलेत, पाटीएवढे. मनातला प्रश्न त्यात हळूच बोलायचा, की भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लिहून येतो. कुणाचा ते कळत नाही, म्हणून लाजरी पोरंही विचारतात. काल पडद्यावर आलं, 'पाण्याला पाय नाहीत, मग ते वरच्या मजल्यावर कसं चढतं?' पोरं खिदळली. बाई म्हणाल्या, "अरे, खरंच की! कुणाचा रे हा प्रश्न?" तर आपली मुंगी ताडकन उभी! "माझा. माझ्या मामाला विचारा. तोच चढवतो पाणी."

झालं, सगळी पोरं टॅबवर तुटून पडली. मामा झोपला की पाणी झोपतं का? टाकीत मासा पडला तर नळातून येतो का? मामा टाकीत पोहतो का? (शी!) पडदा भरून गेला म्हणे. बाईंनी मला गेटवर गाठलं. पुढच्या शुक्रवारी वर्गातून मामाला व्हिडिओ कॉल लावायचा, तो पंप दाखवणार, पोरांना उत्तरं देणार. "नंबर तेवढा द्या हं." मी हो म्हणून मान हलवली आणि पळाले.

तिने मामा पाहिलाय कुठे, आई? माझ्या लग्नापासून दादा माझा फोन उचलत नाही. पण रोज नळ सोडला की मीच तिला सांगते, "बघ, मामाने पाणी पाठवलं." तिला खरंच वाटतं. टाकीत पाणी चढवायचा दादाचा पंप कुठे तिकडे लांब, आमचा नळ कुठे!

तिचा बाप म्हणतो, "सांगून टाक, मामाला सुट्टी नाही." कसं सांगू? पोरगी आरशापुढे उभी राहून म्हणतेय, "मुलांनो, हा माझा मामा." मग स्वतःच टाळ्या वाजवते. घरात एवढी बडबड कधी नव्हती. मला हसू आवरत नाही. पण सगळ्या वर्गापुढे फोन वाजत राहिला आणि त्याने उचललाच नाही तर? परत गप्प होईल गं ती.

तू ऐकून रडत बसशील आणि "बघू" म्हणशील. म्हणून, आईला हे वाचून दाखवणारे जे कोणी असाल, काका, काकू, ताई, हात जोडते, माझ्या भावाला फोन लावा. नंबर आईकडे आहे. आधी माझं नाव काढू नका, ठेवून देईल. भाचीचं सांगा. तो ऐकत राहिला, तरच सांगा हा फोन कुणी करायला लावला ते.

त्याची बहीण