रेघेच्या आत

१० मे, सकाळी ७

समुद्रस्नानाचा एकविसावा दिवस. पाण्यात अठरा मिनिटं. स्वतःचाच रेकॉर्ड मोडला. पाणी यंदा इतकं कोमट आहे की गिझरने झक मारावी.

शुगरच्या गोळ्या बंद करून दहा दिवस झाले. एकदम ठणठणीत. हिला सांगितलेलं नाही. रोज एक गोळी बेसिनमध्ये सोडतो, म्हणजे पाकीट वेळेवर रिकामं होतं आणि घरात शांतता राहते.

येत्या रविवारी ज्येष्ठ नागरिक क्लबात माझं व्याख्यान. विषय : समुद्र हाच डॉक्टर. पत्रकं छापून आली. फोटो बरा आलाय.

किनाऱ्यावर नवा बोर्ड ठोकलाय. पाण्यात घातक जंतू वाढले आहेत, अंगावर जखम असल्यास उतरू नये. माझ्या अंगावर जखम नाही. सबब, बोर्ड मला लागू नाही.

११ मे, सकाळी ८

खडकावर चढताना शिंपल्याची धार लागली. डावी नडगी. दीड इंच, जेमतेम ओरखडा. रक्त थांबेपर्यंत पाय पाण्यातच धरून बसलो. खारं पाणी म्हणजे फुकटचं औषध. जखमेवर मीठ चोळू नये म्हणतात, ते भांडणापुरतं.

शिट्टीवाला आला. हा किनाऱ्यावरचा जीवरक्षक, दिवसभर पोरांवर शिट्ट्या मारतो. त्याने मला बोर्ड वाचून दाखवला. मी म्हटलं, वाचता येतं मला, तेहेतीस वर्षं सरकारी मोजणीदार होतो. मग तो सांगायला लागला, गेल्या आठवड्यात जाळं ओढणाऱ्या एकाला बोटात काटा गेला, संध्याकाळी ताप आला, तो माणूस अजून परत आलेला नाही. कुठून परत आलेला नाही, ते मी विचारलं नाही. सकाळी सकाळी नको ते विषय.

आज पाण्यात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. निवांत.

१२ मे, रात्री ९

पाय लाल झालाय. थोडा गरम. थोडा म्हणजे चादर टेकली तरी कळ जाते.

लंगडतोय का, हिने विचारलं. नवे बूट, म्हटलं. पण हिचा नाही माझ्यावर विश्वास. लगेच भाचीला फोन. भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, मोठ्या हॉस्पिटलात नर्स. ड्यूटी संपवून तशीच आली, जेवलीसुद्धा नाही. नेहमी दारातून मस्करी करत येते. आज पाय बघितला आणि लगेच तिचे प्रश्न सुरू.

कशाने लागलं? गेटच्या पत्र्याने. समुद्राच्या पाण्यात गेला होता का? छे. ही नेमकी स्वयंपाकघरात होती. शुगरच्या गोळ्या? रोज. पोरगी दमलेली होती, तिच्या डोक्याला आणखी ताप कशाला.

तिने डॉक्टरांना फोनवर विचारून गोळ्या आणल्या. मग बॉलपेन घेऊन लाल भागाभोवती रेघ मारली आणि बाजूला वेळ लिहिली, ८.१०. ती म्हणाली, "मामा, लाल या रेघेच्या बाहेर गेलं की सरळ हॉस्पिटल. मला विचारत बसायचं नाही. यात तासांचा खेळ असतो." उद्या तिला दिवसभर ड्यूटी आहे, म्हणून अधूनमधून फोटो पाठवायचे.

मोजणीदाराला रेघ शिकवते! मनातल्या मनात हसलो.

१३ मे, सकाळी ६

लाल रेघेच्या बाहेर. दोन बोटं.

शांतपणे विचार केला. रेघ मारताना तिचा हात घाईत होता. पायही वाकडा धरला होता. वाकड्या जागेवर मारलेली रेघ सरळ केल्यावर सरकणारच, हे कुठल्याही मोजणीवाल्याला कळतं. नोकरीत काय थोड्या वेळा केलंय? दोन भाऊ बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभे असायचे. खुंटी चार बोटं सरकवली की दोघेही घरी जेवायला.

हॉस्पिटलात गेलो की पहिलं रक्त काढणार. शुगर बाहेर येणार, गोळ्या बाहेर येणार, समुद्र बाहेर येणार. रविवारच्या व्याख्यानाचं काय मग? क्लबाचा सेक्रेटरी टपूनच बसलाय.

कापसाला स्पिरिट लावून जुनी रेघ पुसली. नवी मारली. बाजूला ८.१० लिहिलं, तिच्या वळणाचं. फोटो पाठवला.

तिचं उत्तर : आत आहे, छान, गोळ्या चुकवू नका.

खोटं काही नाही यात. लाल रेघेच्या आतच आहे.

१३ मे, दुपारी १

पुन्हा बाहेर. रेघ क्रमांक दोन. गुडघ्याखाली चार बोटं. पाय फुगून टणक झालाय, पण फुगणं म्हणजे रक्तपुरवठा सुधारल्याचं लक्षण असावं.

फोटो पाठवला, तर भाचीने पूर्ण पायाचा मागितला. कॅमेरा जवळचंच दाखवतो, म्हणून कळवलं. तिने पेशंट सांभाळता सांभाळता हसरा चेहरा पाठवला. गुणाची पोर.

भूक नाही. व्याख्यानाचा मुद्दा चौथा लिहिला : भीती हाच खरा रोग.

१३ मे, संध्याकाळी ६.३०

नडगीवर एक जांभळा फोड. आत काळसर पाणी. फोटोत येऊ नये म्हणून त्याच्यावर मोजा ओढला.

मे महिन्यात दोन ब्लँकेटं. दात वाजतायत. दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं, हे खरंच आहे, पण हा हत्ती अजून येतोच आहे. गंमत म्हणजे पाय आता पूर्वीइतका दुखत नाही. फोडाजवळ बोट लावलं तर काहीच कळत नाही. म्हणजे बरा होतोय.

रेघ क्रमांक तीन. गुडघ्याच्या वर. घामाने पेन उमटेना, तीनदा गिरवलं.

स्पिरिटचा कापूस हातात असतानाच ही पाणी घेऊन आत आली. कापूस बघितला. रेघ बघितली. मी म्हटलं, साफ करतोय. पेला ठेवला आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. हिच्या गप्प बसण्याची मला फार भीती वाटते.

फोटो पाठवला. फक्त कडेचा, गुडघा टाळून. उत्तर : आत आहे ना, मग घाबरू नका मामा, सकाळी मी येतेच.

१४ मे, सकाळ

हॉस्पिटल. भाचीचंच. वही हिच्या पिशवीत होती, मागून घेतली. कागदावर सही करायला दिलेलं पेन अजून परत केलेलं नाही. अक्षर माझं वाटत नाही.

पहाटे हिने हाका मारल्या तरी मी ओ देत नव्हतो म्हणे. हिनेच अँब्युलन्स बोलावली. रक्तात जंतू पसरलेत. सर्जन फार थोडं बोलतात. पाय मांडीपासून काढायचा, आत्ताच. काढूनही जीव वाचेल अशी खात्री नाही. मी विचारलं, रविवारपर्यंत घरी जाता येईल का. त्यांनी हिच्याकडे बघितलं.

समुद्र आणि गोळ्या, दोन्ही मी आपण होऊन सांगितलं. आता लपवण्यात काय अर्थ. रेघेचं कोणी विचारलं नाही.

मग त्यांनी विचारलं, इतका उशीर का केलात. मी उत्तर जुळवेपर्यंत भाचीच पुढे झाली. युनिफॉर्ममध्येच होती. म्हणाली, मी बघत होते सर, संध्याकाळपर्यंत रेघेच्या आत होतं, घरीच थांबा असं मीच म्हटलं. फोन काढून तिन्ही फोटो दाखवले. सर्जननी नीट बघितले आणि तिला रागावलेसुद्धा नाहीत. तिच्या हाताखालच्या दोन नर्सेस दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

आता ती भिंतीला टेकून खाली बसलीय. मामी, माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे मामांचा पाय गेला, असं सारखं म्हणतेय. आता नोकरी सोडते म्हणते. मला ऐकू येत नाही असं तिला वाटतंय.

ऑपरेशननंतर सांगेन. ती जरा शांत झाली की. तरुण आहे, विसरेल.

ही पलंगाशी आली. वाकून माझ्या कानाशी बोलली. आवाज चढलेला नव्हता.

"तुम्ही सांगता, की मी सांगू?"

मी म्हटलं, तू सांग.