गरमी

प्रिय श्रीनिवास,

तुझं पत्र पोचलं. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकवायची जागा मिळाली, फार बरं वाटलं. बापूनं तर अख्ख्या तांड्याला गूळ वाटला. आपली बी.ए. झालेली पोरगी डॉक्टरच्या घरी जाणार, हे तो पांढरकवड्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटला आहे.

मला मात्र उत्तर लिहवेना. माझी थोरली बहीण जमनी माहेरी आली आहे. याही वेळी मूल मेलेलंच जन्मलं. "हिची कूसच जळकी," म्हणून सासूनं पाठवून दिली.

तुला ती आठवणार नाही. वैशाखात ती तुझ्या दवाखान्यात आली होती, पोटुशी होती. डॉक्टर आपलाच माणूस आहे, लाजू नको, असं सांगून मीच तिला पाठवलं होतं. पदर तोंडावर ओढून ती एवढंच म्हणाली, "मले गरमी झाली, डॉक्टरसाहेब." तू साताऱ्याकडचा. बाहेर ऊन मी म्हणत होतं. तू मायेनं सांगितलंस, कैरीचं पन्हं पी, उन्हात फिरू नको.

अरे, आमच्याकडे बाई गरमी म्हणते ती नवऱ्यानं बाहेरून आणलेल्या रोगाला. हरिसिंगभाऊजी हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवतात. नागपूरला तिचं रक्त तपासलं. तेव्हाच सुई मिळाली असती तर लेकरू वाचलं असतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मेडिकलला या रोगांचा धडा आला की तुमचे सर वर्गातल्या मुलींकडे बघून पानं उलटायचे, हे तूच सांगितलं होतंस. आपण दोघंही हसलो होतो. आता तू शिकवणार. पानं उलटू नकोस. हे शिकल्याशिवाय कुणाला दवाखान्यात बसवू नये, असा अर्ज मी सरकारकडे करते आहे. बापू म्हणतो, "काहून लाजवतं सरकारले, पोरी?"

पण हे पत्र त्यासाठी नाही. जमनी सुई घेत नाही. तिला वाटतं, तुला सगळं समजलं होतं, आणि किळस आली म्हणून तू तिला वाटेला लावलंस. म्हणते, "एवढा शिकलेला मानूस, त्याले समजलं नसन काय? आपल्या मानसाले किळस आली, तं दुसरा कोन हात लावन मले?" माझं तिला पटत नाही. तू ये. तिच्यासमोर बस आणि तुझ्या तोंडानं सांग, की तुला कळलंच नव्हतं. याडी, माझी आई, जावई आला म्हणून ओवाळायला ताट घेऊन येईल, तिला थांबव. लग्नाचं आज मला काही लिहवत नाही.

तुझीच,
हंसा