दीड की साडेबारा

२९ मार्च २०१९, शुक्रवार

— आणि परदेशातली वेळ फोनला कशी कळते विचारलं, तर आमच्या गच्चीवरच्या मोबाइल टॉवरची देखभाल करणारा गोकुळ अर्धा उतरला असतानाच ओरडला, "ताई, फोनला अक्कल नाय! टॉवर सांगतो ते ऐकतो."

खाली येऊन समजावलं. फोनमधला स्फटिक वेळ मोजतो, पण थोडाथोडा चुकतो. टॉवर ती चूक दुरुस्त करतो. टॉवरला वेळ उपग्रहाकडून. परक्या देशात उतरलं की तिथला टॉवर सांगतो — आता इथली वेळ धर! शिवाय देशोदेशीच्या वेळांचे नियम फोनच्या पोटात असतातच.

त्याच्याकडून हॅम्बुर्गचं घड्याळ फोनवर लावून घेतलं.

"तू तर दौलताबादला शेती करायचास?"

"विहीर आटली. खाली पाणी नाय, म्हणून वर चढलो."

सोमवारी मुलाखत. फोनवर. तिथल्या विद्यापीठात मराठी शिकवायचं! त्यांचे सकाळचे नऊ. फरक साडेचार तासांचा. दादांनी, माझ्या वडिलांनी, कॅलेंडरवर लाल शाईनं लिहिलं — दीड. कोर्टात तारखा लावणारे शिरस्तेदार होते. "छत्तीस वर्षांत एक तारीख चुकली नाही माझी."

३० मार्च

झोप नाही. उत्तरं भिंतीला सांगितली.

३१ मार्च, रविवार

सहा दिवसांनी नळ. पिंप भरत होते, फोन कट्ट्यावर. साडेसहाला मिनिट असताना पाहिलं — हॅम्बुर्ग १:५९. मग ३:००! दोन वाजलेच नाहीत!

"मनू, पिंप वाहतंय!"

"दादा, एक तास गेला!"

"फोन बिघडलाय. दीड म्हणजे दीड."

गोकुळला फोन करून उठवलं. "बिघडला नाय वो. तिकडं उन्हाळा आला की आख्खा देश घड्याळ तासभर पुढं करतो. फोनला ठावं असतं."

म्हणजे साडेतीन तास. म्हणजे साडेबारा! दीडला बसले असते तर सगळं संपलं होतं.

"तास गिळणारा देश," दादा म्हणाले. दीड खोडू देईनात.

१ एप्रिल, सोमवार

वाजला! बरोबर साडेबाराला! चाळीस मिनिटं बोलले. ते तीनदा हसले. दादा सगळा वेळ दाराबाहेर उभे — कुणी बेल वाजवू नये म्हणून.

तरी दीडला येऊन माझ्या फोनसमोर बसले. दहा मिनिटं. काही वाजलं नाही.

२ एप्रिल

सकाळी मेल आला. निवड झाली. ऑक्टोबरपासून, दोन वर्षं. दादांनी विचारलं, तू तिथं काम आटपून घरी येशील तेव्हा इथं किती वाजलेले असतील. अकरा तरी, म्हटलं. "मी नऊला झोपतो," दादा म्हणाले.