तबक धरायला शेजारची मुलगी

ती. आईस,

यमुनेचा साष्टांग नमस्कार.

तुला जाऊन वर्ष होत आलं. दादा तंजावरला वर्षश्राद्ध करणार आहे, पण तिथे मी पानं वाढण्यात असेन, भटजी असतील, चार नातेवाईक असतील. मला जे विचारायचं आहे ते तिथे विचारता यायचं नाही. आणि तोवर थांबायला सवडही नाही, गोष्ट उद्यावर आली आहे. म्हणून आज दुपारी भांडी आवरून बसले. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीवर लिहिते आहे. जिथे पोस्टमन पोचायचा नाही तिथे कोरा कागद कशाला? तुझीच शिकवण.

विचारायचं एवढंच: मला बघायला मंडळी आली त्या दिवशी तबक धरायला तू अलमेलूला का बोलावलंस?

चमकलीस ना? हे आत्ताच कुठून निघालं ते सांगते.

परवा गोदाक्का आल्या होत्या. आमच्या आवारात विहिरीपलीकडे राहतात त्या. तू यायचीस तेव्हा तुझ्याशी तंजावरच्या गप्पा मारत बसायच्या. त्यांच्या विमलाला उद्या बघायला येणार आहेत. मुलगा आपल्यातलाच, रेल्वेत आहे, घर कुंभकोणचं. मी म्हटलं, "चांगलं झालं हो अक्का! बज्जी तळायला येऊ का?"

"बज्जीचं मी बघते गं. तू आपल्या रुक्कूला पाठव. विमलाबरोबर पानाचं तबक घेऊन बाहेर यायला एक मुलगी हवी. तुझी रुक्कू कशी, शांत आहे."

आमची रुक्कू शांत! आई, तुझ्या नातीला शांत म्हणणारी ही पहिलीच बाई. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

"तुमची भाची आली आहे ना तिरुच्चीहून? ती धरील की."

"ती नको," गोदाक्का फारच पटकन म्हणाल्या. मग जरा थांबून, "ती म्हणजे... नवखी आहे."

मी भाचीला नळावर पाहिलं होतं. विमला निमगोरी, आणि भाची केतकीसारखी. आमची रुक्कू रंगाने बाबांवर गेली आहे, हे तुला मी काय सांगू? तिच्या बारशाला पाळण्यात डोकावून तूच म्हणाली होतीस, "नाक छान आहे हो." नुसतं नाकच कसं छान असतं गं, आई?

उंबऱ्यापर्यंत जाऊन गोदाक्का पुन्हा वळल्या. "आणि साधीच येऊ दे हं तिला. तोंडाला पावडरबिवडर नको. या उकाड्यात ओघळ येतात, बरं दिसत नाही."

पावडर! त्या एका शब्दासरशी तुझ्या निळ्या कांजीवरमचा पदर माझ्या डोळ्यांपुढे आला. मंडळी दारात उभी होती आणि तू घाईघाईने पदर उलटा खोचत होतीस. त्याच्यावर पांढरं काही तरी लागलं होतं. मी विचारलं, हे काय? तू म्हणालीस, तांदळाचं पीठ. पण त्या दिवशी घरात बेसनाची बज्जी होती, रव्याची गोड सोज्जी होती. दारात तांदळाच्या पिठाचा कोलम पहाटेच घालून झाला होता. मग दुपारी पीठ कुठून आलं? तेव्हा मला एवढं सुचलं नाही. न जुळणारी गोष्ट तशीच सोडायची नाही ही सवय मला पुढे लागली.

इकडे रुक्कू नुसती हरखली आहे! विमला म्हणजे तिचा जीव. परकरावरची जांभळी दावणी काढून ठेवली, तांदळाच्या डब्याचं झाकण हातात घेऊन चालायची तालीम सुरू झाली. "आई, बघ, अशी येणार मी. मान खाली घालू की वर ठेवू?"

मी म्हटलं, "झाकण जाग्यावर ठेव आधी."

आणि काल जेवणं उरकल्यावर मी मैलापूरला अलमेलूकडे गेले. तुला ठाऊक असेल, आपण मांबळमला होतो तेव्हाची आपल्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या तमिळ मास्तरांची लेक. माझ्याच वयाची, माझ्याहूनही काळीसावळी. एका पाटीवर दोघींनी अक्षरं गिरवली, पार्थसारथीच्या देवळात एकमेकींचा हात धरून रांगेत उभ्या राहिलो. तिचा नवरा पोस्टात आहे, दोन मुलगे आहेत. वाती वळत बसली होती. मी पाणी प्यायले आणि सरळच विचारलं, "अलमेलू, माझ्या बघण्याच्या दिवशी तू पावडर लावून आली होतीस का?"

ती इतकी हसली, इतकी हसली की वाती मांडीवरून सांडल्या!

"अय्यो यमुना, तुला आत्ता कळलं होय? मला त्याच दिवशी कळलं होतं. भावाच्या डब्यातली पावडर लपवून लावली होती मी. तुझ्या आईने मला न्हाणीच्या दाराशी उभं केलं आणि पदराने तोंड पुसलं. गाल दुखेस्तोवर पुसलं. वर म्हणाल्या, 'तू अशीच छान दिसतेस, कण्णा.'"

"मग निघून का नाही गेलीस?"

"तुझं लग्न जमायचं होतं ना," ती म्हणाली, आणि वाती गोळा करायला लागली.

आई, मी तिला काय उत्तर द्यायला हवं होतं? तूच सांग.

परतताना उन्हात डोकं भणभणत होतं, आणि मला सासूबाईंचं एक वाक्य आठवलं. लग्नानंतर पहिल्याच सकाळी विहिरीवर, लख्ख उजेडात, त्या माझ्याकडे बघून नणंदेला म्हणाल्या होत्या, "त्या दिवशी उजळ वाटली होती गं." इतकी वर्षं मी समजत होते, त्या दिवशी तू माझ्यामागे समई लावली असशील, तिचा प्रकाश पडला असेल. समई नव्हतीच ती. माझ्या शेजारी अलमेलू होती!

आल्यावर यांना विचारलं, "तुम्ही मला बघायला आलात तेव्हा माझ्याबरोबर तबक घेऊन कोण आली होती, आठवतं?"

पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "कुणी आली होती का? माझं लक्ष बज्जीकडे होतं."

खरं बोलले की मला बरं वाटावं म्हणून बोलले? आता मला यांचाही भरवसा वाटेना. बघ, कुठवर नेऊन ठेवलंस मला!

तू हे कुठून शिकलीस, याचा विचार काल सारखा डोक्यात घोळत होता. बाबा जॉर्ज टाउनच्या कंपनीत होते तेव्हा तू रोज संध्याकाळी त्यांच्या कॉफीबरोबर ऑफिसची हकीकत ऐकायचीस. पुढच्या खोलीत, पंख्याखाली, गोऱ्या दोरैच्या, म्हणजे साहेबाच्या, नजरेसमोर तो घाऱ्या डोळ्यांचा अँग्लो-इंडियन पोरगा. बाबा त्याच कामाला, पण मागच्या गोदामाशेजारी, खिडकी नसलेल्या खोलीत. बंदरावरचे साहेब भेटायला येतात, पुढे जरा बरी दिसणारी माणसं हवीत, असं दोरै म्हणाला होता म्हणे. बाबा हे हसून सांगायचे. तू हसायची नाहीस. तू माझ्या तोंडाला साय चोळायचीस.

तेव्हा मला वाटायचं, हे सगळं गोऱ्यांनी आणलं, ते गेले की जाईल. मग स्वराज्य आलं. दोरै बोटीत बसून गेला. नवा मॅनेजर आला तो आपल्याच देशाचा, गंध लावणारा. त्याने पुढच्या खोलीत कुणाला बसवलं? बाबांना नव्हे. एका गोऱ्यापान ब्राह्मणाच्या पोराला! तू मान हलवत म्हणालीस, "बघितलंस? राजा बदलला, पंखा तिथेच आहे."

म्हणून मला संशय येतो, आई. दोरैने हे आपल्याला शिकवलं, की आपल्याला आधीच येत होतं आणि त्याने फक्त त्याला पगार लावला? गोरा कधी दारातही न आलेल्या तंजावरच्या घरात तुझी आजी गरोदर सुनांना केशराचं दूध पाजायची ते कुणाच्या सांगण्यावरून? आपण इथल्या तमिळ लोकांपेक्षा उजळ, आपण मराठ्यांच्या राजाबरोबर तंजावरला आलेली माणसं, हे मी बालपणापासून ऐकलं ते कुठल्या साहेबाच्या तोंडून ऐकलं? तुझ्याच ना?

एकदा मी तुला विचारलं होतं, देव काळा चालतो, मग माणूस का नाही? तू फुलं निवडत होतीस. म्हणालीस, "देवाला चालतं बाई. त्याला कुठे उजवायचंय?"

तेव्हा मी हसले होते. आज हसू येत नाही, कारण मलाही एक मुलगी उजवायची आहे.

हे बघ, तुझी भीती मला कळते. बाबांचा रंग माझ्यात उतरला आणि बाबांचं काय झालं ते तू रोज बघत होतीस. पण तू स्वतःच्या मुलीला त्या मागच्या खोलीतून पुढे आणायला दुसऱ्याच्या मुलीला तिथे ढकललंस. आणि वर तिला लाडाने कण्णा म्हणालीस!

आता माझी अडचण ऐक. रुक्कूला पाठवायचं नाही, हे काल संध्याकाळीच ठरलं. पण का नाही पाठवत, ते तिला काय सांगू? खरं सांगितलं तर तिच्या आईनेच तिला पहिल्यांदा सांगितलं असं होणार, की बघ, तुझा रंग लोकांच्या या कामाला येतो. न सांगावं, तर उद्या गोदाक्का सांगतील, नाही तर कुठली सासू विहिरीवर सांगेल. आणि भांडावं तर विमलाचं जमायच्या आधीच मोडायचं. त्या पोरीचा काय दोष?

आज सकाळी देवापुढे बसले तेव्हा सुचलं. पूजा आटोपून सरळ गोदाक्कांकडे गेले. त्या डाळ निवडत होत्या.

"अक्का, उद्या तबक मी धरीन."

"तू?" त्यांचा हात सुपातच थांबला. "अगं, तू तर लग्न झालेली बाई!"

"म्हणूनच. शुभकार्य आहे, सवाष्णीच्या हातचं हळदकुंकू आणि पान पुढे गेलेलं बरं की नाही? शास्त्रात काही वेगळं असलं तर सांगा."

शास्त्रात काय असणार! मला नको म्हणायचं तर कारण द्यायला हवं, आणि खरं कारण कुठल्या तोंडाने देणार?

"आणि घाबरू नका अक्का," मी हळूच म्हटलं, "रंग हवा असेल तर माझाही आहेच. रुक्कू माझीच लेक."

त्यांच्या हातातली डाळ सांडली. "काही तरीच बोलतेस तू यमुना!" म्हणाल्या, पण माझ्याकडे बघितलं नाही. मग सुपाकडे बघतच म्हणाल्या, "मला तीन मुली आहेत गं." मी डाळ वेचायला त्यांच्याजवळ बसले. आणखी काय करणार?

रुक्कूला सांगितलं, सवाष्ण लागते. तू विमलाची वेणी घाल आणि जांभळी दावणी नेसून भाचीशेजारी बस. पावडर हवी तेवढी लाव, नको असली तर लावू नकोस. ती माझ्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली. "आई, तू काही तरी लपवतेस."

संशयी स्वभाव माझाच उचललाय पोरीने. बरं झालं. तिला तो लागणार आहे.

आता तुला वचन देते, आणि पार्थसारथीला साक्षी ठेवून देते. रुक्कूला बघायला लोक येतील त्याच्या आधी मी तिला सगळं सांगेन. बाबांची खोली, तुझा पदर, माझी न लावलेली समई, सगळं. त्या दिवशी तिच्या शेजारी कुणाची मुलगी उभी करणार नाही. तबक मैलापूरहून तिची मावशी घेऊन येईल, अलमेलू मावशी. मी स्वतः पावडरचा डबा उघडून तिच्यापुढे धरणार आहे, आणि तिने कितीही पावडर लावली तरी या घरातला पदर तिच्या तोंडाला लागणार नाही.

तुझा निळा कांजीवरम माझ्या पेटीत आहे. तो मी त्या दिवशी नेसेन.

रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल.

तुझी,
यमुना