बांगड्यांखालचा लाल डाग

१४ सप्टेंबर २००१, हट्टा

डोकं चालेनासं झालंय. तांड्यावरच्या सीताबाईला न्यूमोनिया. पेनिसिलिन द्यायचं म्हणून सिस्टरनं आधी हातावर टेस्ट दिली, भोवती पेननं गोल काढला. अर्ध्या तासानं गोलात लाल डाग. मी लगेच केसपेपरवर लिहिलं, पेनिसिलिन चालत नाही.

मग सिस्टर म्हणाली, "सर, मी बांगड्या वर सरकवल्या होत्या. बाईनं पुन्हा खाली घेतल्या." कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, नेमक्या त्या गोलावर घासणाऱ्या! मग डाग औषधाचा की बांगड्यांचा?

"सीताबाई, काढून का नाही ठेवल्या?" मी चिडलोच.

"नवरा जित्ता हाय माजा. काहून काढू?"

त्याऐवजी सेफोटॅक्सिमचं इंजेक्शन द्यावं, तर त्यातही पेनिसिलिनसारखंच चार अणूंचं कडं. ते कडं उघडून जंतूला चिकटतं, म्हणून जंतू मरतो. पण अंगाला खटकतं ते कडंच, की त्याला जोडलेली शेपटी? शेपट्या तर दोन्हींच्या वेगळ्या. पुस्तक एका पानावर म्हणतं जपून द्या, दुसऱ्या पानावर म्हणतं देऊच नका. दुपारी ते कडं नसलेलं एरिथ्रोमायसिन सुरू केलं, ताप अजून तसाच. आणि तो डाग डोळ्यांसमोरून हलत नाही.

संध्याकाळी तिला म्हणालो, उद्या पाठीवर टेस्ट करू, तिथं बांगड्या नाहीत.

"करा की," ती धापा टाकत म्हणाली. "पन तितं बी लाल झालं तर काय देताल?"

मी स्टेथोस्कोप कानात घातला आणि तिची छाती पुन्हा ऐकत बसलो.