अक्काचे गार हात

अंथुर्णे
ता. ८ डिसेंबर २०२४

चि. सौ. छबू हिस,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे ठीक, तुमची खुशाली कळव.

फोन असताना पत्र कशाला, म्हणून हसशील. अगं, घरचा फोन म्हणजे चावडी. अविराज तो मोठ्या आवाजावर लावून मध्ये ठेवतो आणि सुप्रिया भाकरी थापता थापता ऐकते. मला सांगायचंय ते नेमकं पोराला आणि सुनेलाच कळायला नको.

दिवाळीपासून माझे हात फार गार पडतात. पहाटे भुरीची धार काढायला बसले की बोटं खडूसारखी पांढरी होतात, मग निळी. ऊब लागली की लाल होऊन अशी ठणकतात की डोळ्यांत पाणी येतं. म्हशीलाही कळतं. गार हात कासेला लागला की ती पान्हा चोरते. परवा तर लाथ झाडली, बादली उपडी. घरात मांजरानं सांडलं म्हणून सांगितलं. आता आधी हात कोमट पाण्यात धरते, मग तिच्या पोटाशी दाबून बसते. बोटं जागी झाली की तीही दूध देते.

आईनं मला आंदण दिलेल्या म्हशीची ही पणती, तुला ठाऊकच आहे. अविराज कधीचा म्हणतोय, तिला विकू आणि गोठ्यात गाडी लावू. माझ्या हातांचं कळलं तर त्याला आयतं कारण मिळेल. भुरी गेली तर या घरात माझं म्हणावं असं काही काम उरणार नाही. म्हणून तुला एकटीलाच लिहिते. वाचून पत्र फाडून टाक.

तुझी,
अक्का


बारामती
ता. १६ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
छबूचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं.

लहानपणी तू साय खाल्लीस तेव्हाही मांजरच सापडलं होतं! चेष्टा सोड, पण पत्र वाचून मला रात्री झोप आली नाही. चुलीवर हात शेकत जाऊ नकोस. बधिर बोटांना भाजलेलं कळत नाही. आणि ती मिश्री आता बंद कर बाई, तंबाखूनं नसा आणखी आवळतात म्हणे.

आमच्या गल्लीत एक चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत. सोमवारच्या एसटीनं ये आणि आठवडाभर राहा. घरात सांग की छबूचे गुडघे धरलेत, मदतीला बोलावलंय. तेवढे दिवस धारेचं अविराज बघेल, मी त्याच्याशी बोलले आहे. गुडघ्यांचंच बोलले हं! तुझं गुपित माझ्या पोटात आहे.

माया आहेच, ती वाढव.
तुझी,
छबू


अंथुर्णे
ता. ३१ डिसेंबर २०२४

छबूस आशीर्वाद.

रविवारी सुखरूप पोचले. तुझ्याकडे निवडलेल्या मेथीच्या काड्या भुरीसाठी पिशवीत बांधून आणल्या होत्या, म्हणून घरात न जाता आधी गोठ्याकडे वळले. गोठ्यात गाडी उभी होती. खुंटीला नुसतं दावं. जनावर विकताना दावं देत नाहीत, तेवढी रीत माझ्या लेकानं पाळली.

अविराज म्हणाला की आई, तुझ्या हातांसाठीच केलं, आता किती दिस मरमर करायची. सुप्रिया म्हणाली की तुमी आता आराम करा, आमी हाय की. मी विचारलं, हातांचं तुम्हाला कुणी सांगितलं? त्यानं मोबाईल पुढं धरला.

छबू, मोबाईलमध्ये माझं पत्र होतं. माझं अक्षर, माझी खाडाखोड, मांजराचं खोटंसुद्धा. आणि पत्राखाली तुझ्या टेबलावरचं फुलाफुलांचं मेणकापड. सून हसू दाबत होती. मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं.

काड्या अजून पिशवीतच आहेत. तू असं का केलंस, एवढंच लिही.

अक्का


बारामती
ता. ७ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न.

तुला तोंड दाखवायची सोय मी ठेवली नाही. फोटो मीच पाठवला. मला वाटलं, पोरगा वाचेल आणि धारेला कुणी बाई लावेल. त्यानं विकायचंच ठरवलं आणि मला फोन केला की मावशी, आई असताना म्हैस हलायची न्हाय, तू तिला आठवडाभर ठेवून घे. मी नाही म्हणायला हवं होतं. पण तुझी ती पांढरी बोटं डोळ्यांपुढून जाईनात, म्हणून हो म्हणाले. मंगळवारी टेम्पो येणार हे मला माहीत होतं.

डॉक्टरीणबाईंनीही गार पाणी आणि पहाटेचा वारा टाळायलाच सांगितलं ना? तुझं भलंच होईल असं वाटलं गं. सोबत लोकरीचे हातमोजे पाठवते. मी स्वतः विणलेत. मला शिव्या दे, पण ते घाल.

तुझी अपराधी,
छबू


अंथुर्णे
ता. १५ जानेवारी २०२५

सौ. छबूबाई यांस,

हातमोजे मिळाले. मापाचे आहेत. घालते, कारण बोटं माझी आहेत आणि राग तुझ्यावर आहे. मिश्रीही सोडली. पहाटे जाग येते ती येतेच, मग हातमोजे घालून अंथरुणात बसते. बोटं आता पांढरी पडत नाहीत. त्यांना कामच नाही.

एक सांगते. मंगळवारी दवाखान्यात नंबर येईपर्यंत तू माझे दोन्ही हात तुझ्या हातांत घेऊन बसली होतीस. तासभर सोडले नाहीस. माझी बोटं त्या दिवशी ऊन झाली. आई गेल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं. त्याच तासाला इकडे भुरीला टेम्पोत चढवत होते, ती चढत नव्हती, असं शेजारची सोनम सांगते. तुला ते माहीत होतं आणि तू हात धरून बसली होतीस.

संबंध तोडत नाही. सणावाराला येईन, तूही ये. पण पत्र आता घालू नकोस, मीही घालणार नाही. घरचा फोन आहे, त्यावर बोलत जा. सगळ्यांना ऐकू येतं.

सरुबाई